बाबांचा ट्रक आणि माझं नेट

मी चिडकी आहे, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको. गेम खेळताना तर माझ्या तोंडाला कुलूप नसतं. एकदा शेजारीण पिठाच्या हातांनीच धावत आली होती, आमच्या घरात मारामारी चाललीय असं वाटून. मी आपली हेडफोन लावून मुंबईच्या कुठल्याशा पोराची सात पिढ्यांसकट पूजा बांधत होते. त्याने राखायचं दार सोडलं आणि आमची अख्खी टीम मागून मारली गेली, मग काय आरती ओवाळू?

दिवसभर औषधांच्या कारखान्यात गोळ्या तपासायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन गोळ्या झाडायच्या, असा माझा दिनक्रम. लग्नाचं विचारणाऱ्या मावश्यांना मी हेच सांगते. त्या गप्प बसतात.

आमचं घर डिचोलीपासून थोडं आत, खाणीच्या रस्त्याला लागून. बाबा सावंतवाडीकडचे. तरुणपणी खाणीच्या ट्रकावर ड्रायव्हर म्हणून इकडे आले आणि इकडचेच झाले. घरात आई, बाबा आणि मी, आम्ही तिघंच. बोलणं मालवणी, त्यात शेजारची कोंकणी इतकी मिसळलेली की कुठली कुठली ते आता आम्हालाही सांगता येणार नाही.

नेट आमच्याकडे येतं ते रस्त्यावरच्या खांबावरून फणसावर, फणसावरून माडावर, आणि माडावरून जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या फटीतून माझ्या खोलीत. त्या केबलीवर वांदर झोके घेतात. नारळ पाडायला पाडेली आला की मी स्वतः अंगणात उभी राहून त्याला केबल दाखवते. तो 'व्हय गो व्हय' म्हणतो, वर चढतो आणि पहिलाच नारळ बरोब्बर तिच्यावर टाकतो. कंपनीत फोन केला तर तिकडची बाई गोड आवाजात सांगते, राउटर बंद करून परत चालू करा. अगं बाई, राउटरचं काय घेऊन बसलीस, वायर तुळशीत पडलीय माझी!

पिंग म्हणजे काय ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मी बटण दाबलं, हे त्या लांबच्या सर्व्हरला कळून तिकडचं उत्तर परत यायला जो वेळ लागतो, तो पिंग. तो वाढला की खेळ अडकतो. त्याला आम्ही लॅग म्हणतो. समोरच्याला मी आधी मारलेलं असतं, पण माझी गोळी अजून फणसावरच असते आणि त्याची माझ्या कपाळात. अशा वेळी माणसाने शिव्या नाही द्यायच्या तर काय करायचं?

बरं, दोष एकट्या नेटचा नसतो. हल्ली गेम काढणारेही अर्धकच्चा भात वाढतात. पैसे घेतात पहिल्या दिवशी आणि शिजवत बसतात पुढचं वर्षभर. आज अपडेट, उद्या अपडेट. गवत खरं दिसावं म्हणून एवढी मेहनत घेतात की माझा कंप्युटर ते गवत काढता काढता धापा टाकतो. मला गवत कशाला हवंय? मी काय म्हैस आहे? सगळी सेटिंग खाली ओढून मी खेळते. माणसं ठोकळ्यासारखी दिसतात, पण वेळेवर हलतात. वेळेवर हलणं महत्त्वाचं.

आणि एक खरं सांगते, आम्ही गेमवाले कधी हरतच नाही. नेट हरतं. मी अशी कितीतरी वेळा हरलेय आणि राउटरकडे बोट दाखवून मोकळी झालेय. लॅग हा शब्द मी घरात इतका वापरला की तो आईच्याही तोंडात बसला. कुकरची शिट्टी व्हायला वेळ लागला की ती म्हणायची, 'लॅग मारता गो हो.'

बाबा या सगळ्यात कसे आले, तर रिकामपणातून. निदान तेव्हा मला तसं वाटलं.

खाणी बंद पडल्या तेव्हा आमच्या रस्त्यावरचे सगळे ट्रक जागच्या जागी उभे राहिले. कुणाच्या टायरांवर वेली चढल्या, कुणाच्या हौद्यात कुत्री व्यायली. बाबांनी मग मिळेल ती गाडी चालवली. कधी पर्यटकांची, कधी दारूच्या खोक्यांची. पण ट्रक तो ट्रक, असं म्हणायचे. पुढे तेही थांबलं आणि ते पडवीतल्या बाकड्यावर बसून रस्त्याकडे बघत राहू लागले. जेवायला हाक मारली की यायचे, एवढंच. त्यांना तसं बसलेलं बघून मला रडू यायचं आणि रडू आलं की मला राग येतो.

म्हणून एका रविवारी मी त्यांना खोलीत बोलावून ट्रक चालवायचा गेम लावून दिला. त्याआधी मी या गेमची भरपूर टर उडवलेली. ज्यात कुणी मरत नाही तो कसला गेम? माल भरा, सिग्नल पाळा, पोचवा. ज्यांना झोप येत नाही त्यांच्यासाठी बरं, असं मी मित्रमंडळींत म्हणायचे. पण बाबांनी खुर्ची पुढे ओढली, पडद्यावरच्या केबिनमधून बाहेर पाहिलं आणि म्हणाले, 'अगो, आरसो बरो आसा गो ह्येचो.' पुढचा तासभर मी त्या खोलीत होते याचा त्यांना पत्ता नव्हता.

मी त्यांना स्टेअरिंग आणून दिलं. प्लास्टिकचं, टेबलाला आवळून बसवायचं, खाली पायांना तीन पेडल. मग काय विचारता! जर्मनीतल्या गुळगुळीत हायवेवर आमचे बाबा प्रत्येक वळणाला हॉर्न देत सुटले. माल पोचवला की म्हणायचे, 'एक खेप झाली.' खाणीचा माल नदीच्या धक्क्यावर नेऊन बार्जीत, त्या सपाट बोटीत, रिकामा करायचा आणि लगेच पुढच्या खेपेला पळायचं, ही त्यांची जन्माची सवय. तिकडच्या गोदामात ट्रक लावूनही ते विचारायचे, 'हेंचो धक्को खंय?' मी हसून लोळायचे. आई दारात उभी राहून बघायची आणि पदराने तोंड झाकायची.

दसऱ्याला तर कहर केला. आमच्याकडे त्या दिवशी गाड्यांची पूजा होते. यंदा बाबांच्या हाती पूजा करायला कुठलीच गाडी नव्हती. मी आंघोळ करून येते तर प्लास्टिकच्या स्टेअरिंगला झेंडूची माळ, कंप्युटरच्या डब्याला हळदकुंकू, आणि चाकाखाली लिंबू ठेवतात तसं ब्रेकच्या पेडलखाली लिंबू. बाबांनी हात जोडले आणि दाबला पाय. लिंबाचा रस सगळा पेडलच्या सांध्यात. 'बाबा, अरे ह्यात करंट असता!' मी किंचाळले. ते शांतपणे म्हणाले, 'आता कायएक होवचा नाय तेका.'

म्हणून नंतर बाबांचा ट्रक वेळेवर थांबेनासा झाला, तेव्हा पहिला आळ मी नेटवर घेतला आणि दुसरा लिंबावर.

सुरुवातीला नुसतं जाणवायचं. पुढची गाडी थांबे, बाबांना ती दिसे, आणि त्यांचा ट्रक मात्र तिला जाऊन टेके. ते म्हणायचे, 'तुझा मशीन अडकता गो.' मी म्हणायचे, 'लॅग असेल, थांब.' खरं तर तो गेम नेटशिवायही चालतो. हे मला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. तरी मी राउटर बंद करून चालू केला आणि कंपनीच्या बाईशी भांडून घेतलं. तोंडाला सवयच तशी. मग नेटची वायर काढून ठेवली. ट्रक तसाच टेकतोय. गवत, सावल्या, आरशातली प्रतिबिंबं, सगळं सेटिंग खाली ओढलं. तसाच. मग म्हटलं, लिंबूच. पेडल उघडून स्पिरिटने आतून पुसलं, दोन दिवस उन्हात वाळवलं.

पेडल परत जोडलं आणि तपासायला मी स्वतः बसले. पाय टाकला, ट्रक जागच्या जागी उभा. पुन्हा टाकला, पुन्हा उभा. बाबांना बसवलं, गेला पुढच्या गाडीवर. मी परत बसले, थांबला.

कारखान्यात एखादी गोळी बिघडलेली निघाली की आम्ही आधी यंत्र तपासतो, मग माल. इथे यंत्र तपासून झालं होतं.

इंटरनेटवर एक साधा खेळ आहे. पडदा लाल असतो, तो हिरवा झाला की पटकन बटण दाबायचं. आम्ही खेळण्याआधी हात गरम करायला वापरतो. मी तिघांची शर्यत लावली, गमतीने म्हणून. मी केलं. आईला ओढून आणलं, ती खोबरं किसत होती, ओल्या हातानेच दाबून मोकळी झाली, माझ्या किंचित मागे. मग बाबा बसले. पुढे वाकून, डोळे बारीक करून, बोट बटणावर धरून. पडदा हिरवा झाला. आणि आम्ही दोघी त्यांच्या बोटाकडे बघत राहिलो. एवढंसं थांबणं, पण दिसत होतं. परत केलं, परत तेच. आईने माझ्याकडे पाहिलं आणि ती परत खोबरं किसायला गेली. बाबा म्हणाले, 'ह्या बटण घट्ट आसा.'

मी म्हटलं, 'व्हय, घट्टच आसा.'

हे गेमपुरतं असतं तर मी काही लिहिलं नसतं. पण त्याच सुमाराला रस्त्यावर पुन्हा धूळ उडू लागली. खाण सुरू होणार, सुरू होणार, अशी नुसती आवई किती वर्षं ऐकत होतो. यंदा खरंच पुढच्या वाड्यावरचे, म्हणजे वस्तीतले, ट्रक धुऊन पुसून बाहेर निघाले. आणि ज्यांचा ट्रक बाबा पूर्वी चालवायचे ते मालक आमच्या पडवीत येऊन बसले. चहा घेत म्हणाले, 'ड्रायव्हर खूप गावतत, पण हो रस्तो जाणणारो खंय? तू येतंस मरे?' बाबांनी कप खाली ठेवला. त्यांचा चेहरा कसा झाला होता ते सांगायला मला जमणार नाही. त्या दिवशी ते जेवताना बोलले, आईला डाळ चांगली झालीय म्हणाले. आमच्या घरात डाळ चांगली झाल्याचं मी प्रथमच ऐकत होते.

मालाने भरलेला ट्रक, खाणीचा उतार, आणि खाली आमचाच वाडा. त्या रस्त्यावर शाळा आहे, देऊळ आहे, बाजारातून चालत येणाऱ्या बायका आहेत.

मी आईला गाठलं. 'आई, बाबांना जाऊ नको म्हण. तू बघितलंस ना?'

'काय बघितलंय?' ती भांडी घासत राहिली.

'नाटक करू नको.'

तेव्हा ती वळली. डोळ्यांत पाणी आणि आवाजात आग. 'एवढ्या वर्षांनी तो माणूस हसता. तुझ्या खेळण्यावरून तू तेच्या तोंडातलो घास काढतलंस? ट्रकाचा तुका काय कळता?' आणि मग हळू आवाजात, 'खऱ्या गाडयेर बसलो की होतलो बरो.'

मलाही तेच हवं होतं. खरा ट्रक, खरा रस्ता, जन्मभराची सवय. तिथे पाय आपोआप पडेल, असं मी स्वतःला समजावलं. डॉक्टरकडे चल म्हटलं तर बाबा आले, डोळे तपासून घेतले, डोळे ठणठणीत निघाले. बाकी तपासण्या कशाला म्हणून त्यांनी मला गप्प केलं. आणि मी झाले गप्प. मुंबईच्या पोरांना आईबहिणीवरून सोलणारी मी, स्वतःच्या बापाला एक वाक्य सांगू शकत नव्हते.

एका सकाळी मालकांनी ट्रक बघायला बोलावलं. 'एक फेरी मारून बघ, गियर कसे लागतात ता कळात.' बाबांनी इस्त्री केलेला खाकी शर्ट घातला. मला म्हणाले, 'चल गो, तूय बस. खरो ट्रक बघ एकदा.' मी दोघांच्या मध्ये बसले, डावीकडे मालक. रिकामाच ट्रक होता. बाबांनी स्टेअरिंगला हात लावून नमस्कार केला, चावी फिरवली, आणि खरं सांगते, त्या आवाजाने माझ्याही अंगावर काटा आला. इतके सुंदर गियर टाकत होते ते! कुठे धक्का नाही, कुठे खरखर नाही. देवळापाशी हॉर्न दिला, उतार लागला तसा वेग आवरला. मालक मान डोलवत होते. मी मनात म्हटलं, चुकलीस तू, बये, देवाची शपथ, चुकलीस, आणि मला इतकं हलकं वाटलं की मी हसले.

देवळाच्या पुढच्या वळणावर पोदेर, म्हणजे पाववाला होता. पावाची मोठी टोपली मागे बांधलेली सायकल घेऊन, रस्त्याच्या कडेने आमच्या पुढे चाललेला. पुढच्या दारातून कुणीतरी हाक मारली म्हणून तो वळता वळता रस्त्यातच थांबला. मला दिसला. मालकांना दिसला, ते 'आरे' म्हणाले. बाबांनाही दिसला, कारण त्यांचा श्वास थांबलेला मी ऐकला. आणि त्यांचा पाय जिथे होता तिथेच होता. मग पडला. जोरात पडला, आम्ही तिघंही काचेवर आदळता आदळता वाचलो.

पोदेराने सायकल सोडून गटारात उडी मारली होती म्हणून वाचला. ट्रकाने नुसती टोपली लोळवली. उंडे, ते गोल पाव, लाल मातीत सगळीकडे घरंगळत गेले. तो चिखलाने माखून वर आला आणि त्याने आम्हाला जे काही ऐकवलं त्यातला एकही शब्द चुकीचा नव्हता.

मालक खाली उतरले, त्याला शांत केलं, उंडे गोळा करायला लागले. तिथूनच वर ओरडून म्हणाले, 'ब्रेक गेलेत रे. इतकी वर्षां उभो ट्रक, ब्रेकांची हवा धरणा नाय. गॅरेजीत घालतंय. तू फाल्या सकाळी ये.'

बाबांचे दोन्ही हात स्टेअरिंगवर, नजर समोर. ब्रेक गेलेत, बस्स. किती सोपं होतं. त्यांनी फक्त 'व्हय' म्हणायचं होतं. मीही फक्त बसून राहायचं होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डबा भरून द्यायचा होता.

'काका,' मी म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला की मलाच ओळखू आला नाही. 'ब्रेक बरोबर आसत.'

'तुका काय कळता गो ट्रकातला?' मालक हसले.

मी बाबांकडे पाहूही शकत नव्हते. त्यांनी इंजिन बंद केलं, चावी काढली, खाली उतरले आणि ती मालकांच्या हातात दिली. 'माझा चेडू खरा सांगता,' ते म्हणाले. 'ब्रेक बरे आसत. पाय माझो उशिरा पडता.' आणि पोदेराच्या बाजूला बसून ते उंडे उचलायला लागले. एकेक झटकून टोपलीत ठेवत होते, जसं काही ते अजून कुणी खाणार होतं.

घरी आम्ही चालत आलो. ते पुढे, मी मागे. मला वाटत होतं त्यांनी ओरडावं, शिव्या द्याव्यात, निदान एक थोबाडीत तरी मारावी. वाड्याच्या तोंडाशी ते थांबले.

'तुका कधी कळला?'

'दसऱ्यानंतर. पेडल पुसलं तेव्हा.' माझे डोळे वाहत होते. 'बाबा, मला वाटलं नेट असेल. खरंच वाटलं. मग वाटलं, रिकाम्या माणसाचा खेळ आहे, कशाला बोलायचं.'

'खेळ?' ते म्हणाले. त्यांनी शर्टाच्या बाहीने कपाळ पुसलं. 'अगो, माका त्याच्या आधीपासून म्हायत होता. मी खेळाक बसत नव्हतंय. मी रोज ब्रेक मारूक परत शिकत होतंय.'